टनाआधीचे प्रश्न

मार्चचा दुसरा पंधरवडा लागला की इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत दिवसभर एकच संवाद चालू असतो. ‘रूम केवढी आहे, साहेब?’ ‘दहा बाय बारा.’ ‘मग एक टन पुरे. हॉलला लावायचा असेल तर दीडच घ्या.’ पाच मिनिटांत व्यवहार उरकतो, हप्ते बांधले जातात आणि पुढची आठ-दहा वर्षे त्या पाच मिनिटांचे वीजबिल येत राहते. घर कोणत्या गावात आहे, खोली कितव्या मजल्यावर आहे, डोक्यावर गच्ची आहे की दुसऱ्या कुणाचे बिऱ्हाड, खिडकी कोणत्या दिशेला उघडते, यातले काहीच कुणी विचारत नाही. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला यंत्र विकायचे असते आणि ते तो चोख विकतो. प्रश्न विचारायचे काम घेणाऱ्याचे आहे. ते कोणते आणि कोणत्या क्रमाने विचारावेत, हा या पुस्तकाचा विषय.

यात कूलर, एसी, पंखे, गीझर, सौर बंब, खोली गरम करणारे हीटर अशा सगळ्या साधनांवर प्रकरणे आहेत. त्यांचा क्रम मात्र नेहमीपेक्षा वेगळा लावला आहे. पहिली तीन प्रकरणे छत, भिंती आणि खिडक्यांची आहेत. यंत्र चौथ्या प्रकरणात येते. हे पाहून काही वाचक वैतागतील आणि थेट एसीचे प्रकरण उघडतील, याची मला कल्पना आहे. त्यांनी तसे जरूर करावे. पण पैसे मोजण्याआधी पहिल्या तीन प्रकरणांकडे परत यावे. यंत्र किती मोठे लागेल, किंबहुना लागेल की नाही, याचा निकाल तिथेच लागतो.

सुरुवात छतापासून. आपला प्रदेश कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्यामुळे उन्हाळ्यात सूर्य एका दुपारी नेमका डोक्यावर येतो. वर्तमानपत्रे दरवर्षी ‘शून्य सावली दिवस’ म्हणून त्याची बातमी देतात. मुंबई-पुण्यात तो मेच्या मध्यावर येतो, नागपुरात मेच्या शेवटच्या आठवड्यात. त्या दिवशी उभ्या खांबाची सावली पायाशी गोळा होते, हे पाहायला शाळेची मुले मैदानात जमतात. घराच्या दृष्टीने याचा अर्थ असा की, ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन जवळजवळ लागतच नाही आणि सगळा मारा गच्चीवर होतो. भर दुपारी एक चौरस मीटर सपाट छतावर ९०० ते १००० वॅट इतके ऊन पडते. म्हणजे १०० चौरस फुटांच्या लहानशा खोलीच्या छतावर ९ किलोवॅटच्या आसपास. दीड टनाचा एसी खोलीतून साधारण ५ किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. छतावर पडलेले सगळे ऊन काही आत येत नाही. बरेचसे वारा घेऊन जातो, काही परत फेकले जाते. तरी काळपट, शेवाळ वाळून गेलेला स्लॅब त्यातले किती पितो हे कळायला यंत्र लागत नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात रात्री १० वाजता स्टुलावर उभे राहून छताला तळहात लावावा. सूर्य मावळून तीन तास झालेले असतात, बाहेर वारा सुटलेला असतो आणि छत तापलेल्या तव्यासारखे हाताला लागते. पंखा सुरू केला की तो तीच हवा खाली ढकलतो. ‘पंख्याची हवासुद्धा गरम येते’ ही वरच्या मजल्यावरच्यांची तक्रार शब्दशः खरी असते.

यावरचा सर्वांत स्वस्त उपाय चुना आहे. उन्हाळ्याच्या तोंडी गच्ची घासूनपुसून तिला पांढऱ्या चुन्याचे दोन हात दिले, तर छत निम्म्याहून अधिक ऊन परत फेकते. चुना पावसात धुपतो, म्हणून दरवर्षी द्यावा लागतो. ते नको असेल तर ऊन परावर्तित करणारे पांढरे रंग मिळतात, किंवा फुटक्या पांढऱ्या टाइल्सची चायना मोझॅक करून घेता येते. ती गळतीही थांबवते. सोसायटीत राहणाऱ्यांची अडचण वेगळी. गच्ची सगळ्यांची, त्रास मात्र वरच्या मजल्याचा, मग खर्च कुणी करायचा? या वादात अनेक सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभा रंगलेल्या आहेत. माझे मत विचाराल तर वरच्या मजल्यावरच्या रहिवाशाने वाद घालण्यापेक्षा स्वतःच्या खर्चाने चुना मारून घ्यावा. एसीच्या एका हंगामाच्या बिलापेक्षा तो खर्च बहुधा कमीच भरतो.

पश्चिमेच्या खिडकीवर पहिल्या भागात एक आख्खे प्रकरण आहे आणि ते मोठे झाले आहे, कारण ती खिडकी खरोखरच तेवढी त्रासदायक असते. दुपारी तीननंतर सूर्य खाली उतरतो, तेव्हा वरचा छज्जा काही कामाचा राहत नाही. ऊन आडवे आत शिरते. आतून कितीही जाड पडदा लावला तरी काचेतून आलेली उष्णता पडद्यापर्यंत पोचलेली असते, म्हणजे घरात आलेलीच असते. तिला काचेच्या बाहेर अडवले पाहिजे. बांबूच्या चटईचा पडदा, हिरवी शेडनेट, बाल्कनीत वाढवलेली वेल, काहीही चालेल, फक्त ते बाहेर हवे. आजच्या इमारतींना दर्शनी बाजूने अखंड काचा लावण्याची हौस आली आहे. असा पश्चिमेला तोंड असलेला फ्लॅट घेताना किमतीसोबत एका जादा एसीचा हिशेब धरावा, म्हणजे पुढे वाईट वाटणार नाही. केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८मध्ये ‘इको-निवास संहिता’ काढली. भिंती-खिडक्यांतून किती उष्णता आत यावी आणि छतातून किती झिरपावी, याच्या मर्यादा तिने घालून दिल्या आहेत. बिल्डरकडे कारंजे आणि क्लब हाऊसची चौकशी करणाऱ्याने या संहितेचीही एकदा करावी. उत्तर देताना समोरचा चाचरला तरी बरेच कळते.

इथे कुणीतरी वाड्यांचा विषय काढणार. मराठवाड्यातली, सोलापूरकडची माळवदाची घरे, खानदेश-विदर्भातली धाब्याची घरे उन्हाळ्यात थंड असत हे खरे आहे. पांढऱ्या मातीच्या दोन-दोन हात जाड भिंती दिवसभराची उष्णता पिऊन घेत आणि ती आत पोचेपर्यंत रात्र झालेली असे. रात्री माणसे गच्चीवर किंवा अंगणात झोपत, त्यामुळे भिंतींनी आत सोडलेली उष्णता कुणाला जाणवत नसे. हा दुसरा अर्धा भाग आपण विसरतो. शिवाय ती घरे अंधारी असत, दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकून ती चोपावी लागे आणि तरी एखादा कोपरा गळायचाच. वाड्याची आठवण काढून स्लॅब थंड होत नाही. त्या घरांतून घेण्यासारखे एवढेच की, ऊन भिंतीला लागण्याआधी अडवावे आणि रात्रीचा गार वारा घरात खेळवावा. पुणे, नाशिक, कोल्हापूर, सातारा या पट्ट्यात आजही एप्रिलच्या रात्री बऱ्यापैकी उतरतात. संध्याकाळी सातनंतर समोरासमोरच्या खिडक्या उघडायच्या आणि सकाळी नऊच्या आत सगळे बंद करायचे, एवढ्यावर या गावांतल्या खालच्या मजल्यांचा अर्धा उन्हाळा निभावतो. खिडकीला डासांची जाळी नसेल तर मात्र हा सल्ला कुणी पाळणार नाही, म्हणून जाळीचा खर्च मी थंडाव्याच्याच खात्यात धरतो.

आता यंत्रांकडे. महाराष्ट्रात यंत्राची निवड मुख्यतः एका गोष्टीवर ठरते, ती म्हणजे हवेतला दमटपणा. नागपूर, अकोला, चंद्रपूर इथे मे महिन्यात पारा ४४-४५च्या घरात असतो आणि हवा कोरडी ठणठणीत असते. दुपारची आर्द्रता १५ टक्क्यांवर आलेली असते. मुंबईत, रत्नागिरीत, गोव्यात पारा ३३-३४च्या पुढे क्वचित जातो, पण हवेत इतके पाणी असते की घाम वाळत नाही. पहिल्या ठिकाणी ऊन मारते, दुसऱ्या ठिकाणी उकाडा. एकच औषध दोन्हींना चालत नाही.

कूलरचे काम पाण्याच्या वाफेवर चालते. एक लिटर पाणी तासाभरात उडून गेले, तर ते हवेतून जवळजवळ ६७० वॅट इतकी उष्णता घेऊन जाते. चांगला डेझर्ट कूलर कडक उन्हात तासाला आठ-दहा लिटर पाणी सहज पितो. यावरून त्याची ताकद लक्षात यावी, आणि ही ताकद तो दोनेकशे वॅटच्या पंख्यावर आणि एका छोट्याशा पंपावर उभी करतो. ४४ अंशांची १५ टक्के आर्द्रतेची हवा ओल्या ताट्यांतून आली की ती २७-२८ अंशांवर उतरते. तोच कूलर मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के आर्द्रतेत लावला तर हवा फार तर तीन-चार अंशांनी उतरेल आणि पाण्याने जड होऊन अंगावर येईल. मुंबई-ठाण्यात हे देखणे टॉवर कूलर धडाक्याने विकले जातात. पहिल्या दिवशी पाण्यात बर्फ टाकल्यावर बरे वाटते. आठवड्याने चादरी ओलसर लागू लागतात. किनारपट्टीवर कूलर घेऊ नये, असे मी सरळ सांगतो. विदर्भातही मृग लागला, पावसाच्या सरी सुरू झाल्या की कूलर नुसती चिकचिक करतो. तेव्हा पंप बंद करून त्याचा पंखा म्हणून वापर करावा, हे तिथल्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते.

मात्र कूलर नीट लावलेला हवा. तो खोलीत ठेवायचा नसतो. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर बसवून त्याने बाहेरची कोरडी हवा आत घ्यायची असते आणि समोरचे दार किंवा खिडकी चार बोटे उघडी ठेवायची असते, म्हणजे आधीची दमट हवा बाहेर जाईल. ‘दार लावा, गारवा जातो’ ही एसीची सवय कूलरला लावली की खोलीचा हमाम होतो. नागपुरात होळी झाली की माळ्यावरचे कूलर खाली येतात. टाकीचा गंज खरवडून रंग मारला जातो, गेल्या वर्षीच्या क्षाराने दगड झालेल्या ताट्या फेकून गवताच्या नव्या बसवल्या जातात, पंप बादलीत चालवून बघितला जातो. हल्ली पुठ्ठ्यासारख्या दिसणाऱ्या हनीकोंब पॅडचे कूलर आले आहेत. ते दोन-तीन हंगाम टिकतात, पण बोअरचे जड पाणी असेल तर त्यांच्याही नळ्या पांढऱ्या क्षाराने बुजतात. वाळ्याच्या ताटीचा वास मात्र पॅडला येत नाही. असो. दोन गोष्टींत हयगय नको. पत्र्याच्या कूलरला अर्थिंग हवेच आणि पाणी भरताना स्विच बंद करून प्लग काढलेला हवा. दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसे दगावल्याच्या बातम्या विदर्भातून येतात. दुसरे, टाकी आठवड्याला रिकामी करून पुसायची, नाहीतर डेंग्यूचे डास घरातच वाढतात.

कूलरचा एक खर्च विजेच्या बिलात दिसत नाही. दिवसाला दहा तास चालला तर तो ८० ते १०० लिटर पाणी उडवतो. लातूरला २०१६च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा गावात एका खोलीच्या गारव्यासाठी शंभर लिटर ही चैन ठरते. मराठवाड्याची हवा कूलरला अगदी योग्य, पण नळाला पाणी आठवड्यातून एकदा. तिथे चुना, शेडनेट, पंखा आणि एकाच खोलीला छोटा एसी हे गणित मला अधिक पटते, जरी ते पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटले तरी.

पंख्याबद्दल दोनच गोष्टी. तो खोली थंड करत नाही, अंगावरचा घाम वाळवतो, म्हणून रिकाम्या खोलीत तो चालू ठेवू नये. जुना पंखा ७५ वॅट घेतो, बीएलडीसी मोटरचा ३०च्या आसपास. ज्या घरात पाच पंखे रात्रंदिवस फिरतात तिथे हा बदल कोणत्याही एसीच्या स्टारपेक्षा आधी करावा.

एसीचे प्रकरण साहजिकच सर्वांत लांब आहे. हे यंत्र पहिल्यांदा माणसांसाठी बनलेच नव्हते. १९०२मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधल्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगत आणि रंग एकमेकांवर नीट बसत नसत. त्यावर तोड म्हणून विलिस कॅरिअर या तरुण अभियंत्याने ते आखले. हवेतले पाणी काढणे हे त्याचे मूळ काम, आणि मुंबईकराला आजही त्याची गरज त्याचसाठी असते. पावसाळ्यातल्या बंद खोलीत एसीच्या नळीतून तासाभरात लिटरभर पाणी टपकते, ते तुमच्या हवेतले असते. म्हणून किनारपट्टीवर गरजेपेक्षा मोठा एसी घेणे हा तोटा आहे. तो झटकन गार करतो आणि थांबतो, पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. खोली गार आणि ओलसर राहते, मग आपण तापमान आणखी खाली आणतो. इन्व्हर्टर एसी कॉम्प्रेसरचा वेग कमी करून सलग चालत राहतो, त्यामुळे हा दोष बराच कमी होतो.

विदर्भात गोष्ट उलटी. एसीची क्षमता प्रयोगशाळेत बाहेरचे तापमान ३५ अंश धरून मोजतात. बाहेर ४५ असले की तोच एसी त्याच्या लेबलावरच्या टनाइतके काम करू शकत नाही, शिवाय वीज जास्त घेतो. त्यामुळे नागपूर-अकोल्यात एसी घेताना तो ५० अंशांपर्यंत चालतो का आणि ४५ला त्याची क्षमता किती उरते, हे माहितीपत्रकात शोधावे. ‘टन’ हे मापच मुळात बर्फाचे आहे. एक अमेरिकन टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळायला जेवढी उष्णता लागते तेवढी, म्हणजे साडेतीन किलोवॅट. १८३०च्या दशकात अमेरिकेतल्या तळ्यांवरचा बर्फ जहाजांतून मुंबईला येत होता, तेव्हा ही कल्पना मुंबईकरांनी अगदी हाताने उचललेली आहे.

स्टारच्या बाबतीत एक ठोकताळा फार पसरला आहे: पाच स्टार घ्या, डोळे मिटून घ्या. डोळे उघडे ठेवून घ्यावा असे मी म्हणेन. लेबलावर लिहिलेला वार्षिक वापर १६०० तासांचा असतो. दीड टनाच्या बऱ्याच एसींवर पाच स्टारला ७५० ते ८०० युनिटे आणि तीन स्टारला ९५० ते १००० युनिटे छापलेली दिसतात, म्हणजे फरक २०० युनिटांचा. पुण्यातले एखादे घर एप्रिल-मेमध्ये रात्री सहा तास एसी लावते, वर्षाला चारशे तास भरतात. त्यांची बचत ५० युनिटे, म्हणजे वर्षाला काही शे रुपये. किमतीतले काही हजार वसूल व्हायला यंत्राचे आयुष्य निघून जाईल. ठाण्यातले घर मार्च ते नोव्हेंबर रोज आठ तास लावत असेल तर त्यांनी पाच स्टारच घ्यावा, शंकाच नको. यात महावितरणच्या टप्प्यांची भर पडते. १०० युनिटांपर्यंत एक दर, ३००पर्यंत दुसरा, ५००पर्यंत तिसरा. एसीची युनिटे नेहमी वरच्या, महाग टप्प्यात जाऊन बसतात. घरातला दुसरा एसी पहिल्यापेक्षा महागात पडतो, तो यामुळे. लेबलावरचे वर्षही बघावे, कारण ब्यूरो दर काही वर्षांनी कसोटी कडक करतो आणि जुना पाच स्टार नव्या कोष्टकात खाली घसरतो.

२०२०पासून आपल्याकडचे एसी सुरू होतानाच २४ अंशांवर सुरू होतील असा नियम आहे. एक अंश वर गेलो की साधारण ६ टक्के वीज वाचते, असे ब्यूरो सांगतो. पंखा मंद चालू ठेवून २६वर झोप लागते. १८वर एसी लावून वर रजई घेणारी घरे मी पुष्कळ पाहिली आहेत. रजई काढा एवढे साधे सांगितले तरी घरात भांडण होते, म्हणून मी ते सांगायचे सोडले आहे.

सर्वांत कमी लिहिले जाते ते एसी बसवण्यावर, आणि बिघाड बहुधा तिथूनच सुरू होतो. इनडोअर आणि आउटडोअर जोडणारी तांब्याची नळी भिंतीतून आली, फ्लेअर नट आवळले की नळीत अडकलेली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने ओढून काढायची असते. त्याला पंधरा-वीस मिनिटे लागतात. हंगामात दिवसाला पाच-सहा एसी बसवणारा मुलगा पंप गाडीतच ठेवतो, वॉल्व्ह किंचित उघडून थोड्या गॅसने हवा ‘फुस्स’ करून ढकलून देतो आणि मोकळा होतो. त्या दिवशी एसी गार करतो. नळीत राहिलेली ओल पुढे तेलात मिसळून कॉम्प्रेसर खाते, आणि दोन वर्षांनी ‘गॅस कमी झालाय’ म्हणून दुसरा माणूस येतो. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. कमी झाला असेल तर तो कुठून तरी गळतो आहे. गळती शोधल्याशिवाय गॅस भरून घेऊ नये. आउटडोअर बसवायची जागा हा दुसरा मुद्दा. नव्या टॉवरांत सगळ्या मजल्यांची आउटडोअर एकाच अरुंद डक्टमध्ये एकावर एक टांगतात, खालच्याने फेकलेली गरम हवा वरचा ओढतो आणि बाराव्या मजल्यावरचा एसी भर दुपारी हात टेकतो. समुद्राजवळच्या घरांत खाऱ्या वाऱ्याने कॉइलच्या पात्यांचे पीठ होते. तिथे तांब्याची, गंजरोधक थर दिलेली कॉइल मागून घ्यावी.

एसीतल्या गॅसवरही पुस्तकात स्वतंत्र पाने आहेत. बहुतेक नव्या एसींत आता आर-३२ असतो, काहींत आर-२९० म्हणजे प्रोपेन. दोन्ही आधीच्या आर-४१०एपेक्षा पृथ्वीला कमी तापवतात. दोन्ही कमी-अधिक ज्वलनशील असल्यामुळे दुरुस्तीला शिकलेलाच माणूस बोलवावा, एवढे इथे पुरे. चाकांवरचा, जाड नळी खिडकीबाहेर सोडायचा पोर्टेबल एसी भाड्याच्या घरातही घेऊ नये. तो खोलीतली गार हवा बाहेर फेकतो आणि दाराच्या फटीतून बाहेरची गरम हवा आत ओढतो. भाडेकरूला विंडो एसी बरा, सोडताना काढून नेता येतो.

गरम करण्याचा भाग आपल्याकडे छोटा, पण बेफिकिरीने घेतला तर जिवावर बेतणारा आहे. निफाडला डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास येतो, महाबळेश्वरात दवबिंदू गोठतात, नागपूर-गोंदियाही गारठतात. तरी खोली गरम करण्याची गरज महाराष्ट्रात फार तर काही आठवडे असते, तीही घरात म्हातारी माणसे किंवा तान्हे बाळ असेल तर. त्यासाठी तेलाचा रेडिएटर बरा. हवा तापवताना ऑक्सिजन खात नाही की ठिणगी टाकत नाही. जिथे एसी घ्यायचाच आहे तिथे गरम-थंड दोन्ही करणारा घ्यावा. तो बाहेरच्या हवेतली उष्णता उपसून आत आणतो, त्यामुळे साध्या हीटरच्या एक-तृतीयांश विजेत तेवढीच ऊब देतो. टोरांटोच्या किंवा न्यू जर्सीच्या मराठी घरांत हेच यंत्र हीट पंप या नावाने तळघरातल्या गॅस फर्नेसची जागा घेऊ लागले आहे. तिथल्या मुलांनी आईवडिलांना फोनवर दिलेला सल्ला मात्र निफाडला जसाच्या तसा लावू नये. तिकडे ऊब नसेल तर जीव जातो, इकडे स्वेटर पुरतो. बंद खोलीत पेटती शेगडी ठेवून झोपणे कोणत्याही थंडीत नको.

तोच धोका न्हाणीघरातल्या गॅस गीझरला. बंद न्हाणीघरात तो ऑक्सिजन खातो आणि कार्बन मोनॉक्साइड सोडतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माणूस आंघोळ करता करता कोसळतो. गॅस गीझर बाल्कनीत किंवा मोकळ्या ठिकाणी बसवून फक्त गरम पाण्याची नळी आत आणावी. आत लावायचा हट्ट असेल तर तो घेऊच नये. विजेच्या गीझरचा हिशेब सोपा आहे: १५ लिटरची बादली ३० अंशांनी तापवायला अर्धे युनिट लागते. चार माणसांच्या घरात रोज दोन युनिटे. ज्याची स्वतःची गच्ची आहे त्याने सौर बंब बसवावा. वर्षातले आठ-नऊ महिने महाराष्ट्रात ऊन भरपूर असते, आणि ज्या छतावर ऊन अडवायचे आहे तिथेच त्याला कामाला लावता येते. तांब्याचा जुना बंब माळ्यावर असेल तर तो विकू नका. पावसाळ्यात सूर्य आणि वीज दोन्ही गायब असताना तो आठवतो.

वाचकाकडून एक अपेक्षा आहे. यंत्र घेण्याआधी उन्हाळ्यातला एक दिवस घराला द्या. दुपारी तीनला आणि रात्री दहाला प्रत्येक खोलीच्या छताला आणि बाहेरच्या भिंतींना हात लावून बघा, कुठली सर्वांत तापली ते कागदावर लिहा. कोणती खिडकी किती वाजता ऊन घेते तेही लिहा. तो कागद घेऊन या पुस्तकाची पहिली तीन प्रकरणे वाचा आणि मगच दुकानात जा. तिथे व्हॅक्यूम पंप लावून एसी बसवून देणार का, हे विचारा आणि बिलावर तसे लिहून घ्या. आणि शक्य असेल तर खरेदी जानेवारी-फेब्रुवारीत करा. एप्रिलच्या अखेरीस बसवणाऱ्या माणसाकडे तुमच्यासाठी पंधरा मिनिटेसुद्धा नसतात.